ग्रेगोर मेंडेल : एका शेतकऱ्याच्या मुलाचे चरित्र



पेठच्या डोंगरपट्टीत नागलीची कापणी आटोपली म्हणजे घरातील जाणती बाई खळ्यावर बसून पुढील सालच्या राबासाठी कणसे निवडते, हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. भरल्या दाण्याची, एकसारखी पिकलेली कणसे ती वेगळी काढते. चांगल्या बियाण्याचे पीक चांगले येते हा तिचा अनुभव, आणि तो खोटा नव्हे. तथापि त्याच निवडलेल्या बियाण्यातून कधीकधी असे एक रोप उगवते की ते सोबतच्या कोणत्याही रोपासारखे नसते. घरातही तेच. आईबापांचे डोळे काळेभोर, आणि मूल मात्र वारलेल्या आजीचे घारे डोळे घेऊन जन्मास येते. आजीचा तो गुण मधल्या पिढीत कोठे राहिला होता? हा प्रश्न शेती करणाऱ्या व लेकरे वाढविणाऱ्या कितीतरी लोकांस पडला असेल. त्याचे उत्तर मिळावे म्हणून वर्षानुवर्षे वाटाण्याचे दाणे मोजीत बसलेल्या एका मनुष्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

त्याचे नाव आपल्या मुलांस ठाऊक आहे. हायस्कुलात नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत आनुवंशिकता व पेशीविभाजन हे विषय येतात. उंच झाड, ठेंगणे झाड, तीनास एक, असे काहीतरी मुले रात्री दिव्यापाशी घोकीत असतात. आईबाप ऐकतात, आणि हे वाटाण्याचे पुराण कशासाठी, असे मनात म्हणून झोपी जातात. त्यांचा दोष नाही. पुस्तकात त्या मनुष्यास चार ओळी मिळाल्या आहेत, आणि त्या गुणांपुरत्या आहेत.

इसवी सन १८२२ च्या जुलै महिन्यात, त्या काळी ऑस्ट्रियाच्या बादशाहीत असलेल्या सायलेशिया प्रांतात, हाइंत्सेनडॉर्फ नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी हा मुलगा जन्मला. आज ते खेडे चेक देशात आहे. त्याचे नाव योहान ठेविले. बाप अंतोन याची स्वतःची थोडी जमीन होती खरी, परंतु आठवड्यातील तीन दिवस त्यास जमीनदाराच्या शेतावर वेठीस जावे लागे. वेठ म्हणजे काय हे आपल्या भागातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. उरलेल्या दिवसांत अंतोन आपली शेती पाही, आणि त्यातून वेळ काढून फळझाडांवर कलमे बांधी. गावचे धर्मगुरू श्राइबर हे फळझाडांचे मोठे शोकी होते. गावच्या शाळेत लिहिण्यावाचण्याबरोबर झाडे व मधमाशा यांचेही शिक्षण दिले जाई. अशा रीतीने कलम कसे बांधावे हे योहान बाराखडीबरोबरच शिकला.

शिक्षकाने त्याची बुद्धी ओळखली व पुढे शिकविण्याचा आग्रह धरिला. एकुलता एक मुलगा, शेती त्यानेच करावयाची; तरीही आईबापांनी त्यास परगावी धाडिले. १८३४ साली तो ट्रोपाऊ येथील मोठ्या शाळेत गेला. तेथे राहण्याजेवण्याचा पुरा खर्च देण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याचे नाव अर्ध्या जेवणावर घातले. गावाकडून गाडी येई तेव्हा आई पाव व लोणी पाठवी. १८३८ साली जंगलात काम करीत असता लाकडाचा ओंडका अंगावर येऊन बापाची छाती चेपली, आणि तो पुन्हा पूर्ववत झाला नाही. सोळा वर्षांचा योहान तेव्हापासून इतर मुलांची शिकवणी करून आपले पोट भरू लागला. त्यास वारंवार आजार येई. एकदा तर शाळा सोडून कित्येक महिने घरी अंथरुणावर पडून राहावे लागले. हा आजार शरीराचा किती व चिंतेचा किती, हे त्याचे चरित्रकार अजून ठरवू शकलेले नाहीत.

येथे त्याच्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बापाने शेत थोरल्या जावयास विकले, तेव्हा धाकटी तेरेसिया हिच्या लग्नासाठी काही वाटा राखून ठेविला होता. त्या वाट्यातील भाग तिने भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. त्यावर तो ओलोमौक येथील विद्यालयातील अभ्यासक्रम पुरा करू शकला. पुढे त्यास बरे दिवस आले तेव्हा त्याने तेरेसियाच्या तीनही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले. मुलीच्या वाट्याचे घेऊन मुलास शिकविण्याची रीत आपल्याकडेही आहे. घेतलेले परत करण्याची रीत मात्र तितकीशी रूढ नाही.

विद्यालय संपले, परंतु पुढे भाकरी कोठून मिळावयाची हा प्रश्न राहिलाच. १८४३ च्या ऑक्टोबरात तो ब्रून शहरातील ऑगस्टीनियन मठात दाखल झाला. आज त्या शहरास ब्रनो म्हणतात. मठात त्यास ग्रेगोर हे नाव मिळाले. पोटाच्या विवंचनेतून सुटका व्हावी म्हणून आपण हा मार्ग धरिला, असे त्याने पुढे आपल्या एका लहानशा आत्मवृत्तात मोकळेपणाने लिहून ठेविले आहे. रोमी पंथाच्या मठवासीयांविषयी वाचकांचे मत काहीही असो, हा प्रांजळपणा आम्हांस आवडतो. शिवाय तो मठ केवळ जपतपाचा नव्हता. तेथे मोठे ग्रंथालय होते, बाग होती, आणि मठाधिपती सिरिल नाप हे शेती व मेंढपाळी यांत रस घेणारे गृहस्थ होते. ब्रून हे लोकरीच्या धंद्याचे शहर. उत्तम लोकरीच्या मेंढ्याची पिल्ले तशीच निघतील काय, आणि निघत नाहीत तर का, यावर तेथील मेंढपाळ पुष्कळ वर्षे वाद घालीत होते, आणि नाप त्या चर्चेत भाग घेत.

१८४७ साली मेंडेल यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली व आजाऱ्यांची भेट घेण्याचे काम नेमून दिले. ते काम त्यांच्याने होईना. मरणाच्या खाटेपाशी बसले की ते स्वतःच आजारी पडत. जे उपदेशक बंधू अशा घरी रात्र काढून आले आहेत त्यांस यात नवल वाटणार नाही. नाप यांनी त्यांस रागे भरले नाही, तर १८४९ साली त्सनाइम गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठविले. तेथे त्यांचा जीव रमला व विद्यार्थ्यांसही ते आवडले. परंतु कायम होण्यास सरकारी परीक्षा हवी होती. १८५० साली मेंडेल त्या परीक्षेस बसले व नापास झाले. नापास कशात, तर बऱ्याच अंशी प्राणिशास्त्रात! मठाने त्यांस व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडिले. १८५१ ते १८५३ ही दोन वर्षे त्यांनी तेथे पदार्थविज्ञान, गणित व वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेस बसले, परंतु मध्येच प्रकृती बिघडून परत आले. त्यानंतर ते परीक्षेच्या वाटेस गेले नाहीत. ब्रूनच्या शाळेत त्यांनी सुमारे १४ वर्षे शिकविले. परीक्षा न उतरलेला बदली शिक्षक म्हणूनच.

त्याच १८५६ साली त्यांनी मठाच्या आवारातील एका चिंचोळ्या जमिनीत आपल्या मुख्य कामास हात घातला. जमीन सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद. आपल्याकडील एखाद्या भाताच्या खाचराएवढीच. तीत त्यांनी वाटाणा लाविला. वाटाणाच का, हे पाहण्यासारखे आहे. वाटाण्याचे फूल मिटलेलेच असते व आपल्याच परागाने फळते. वाऱ्याने किंवा माशीने शेजारच्या झाडाचा पराग सहसा त्यात शिरत नाही. म्हणून त्याची जात शुद्ध राहते. मेंडेल यांनी ३४ प्रकारचे बी विकत आणून दोन वर्षे नुसते पेरून पाहिले, आणि ज्यांची संतती हुबेहूब तशीच निघाली असे २२ प्रकार कामासाठी राखिले. मग सात गुण निवडले, आणि तेही असे की डोळ्यांस स्पष्ट दिसावेत : दाणा गोल की सुरकुतलेला, आतून पिवळा की हिरवा, झाड सहासात फूट उंच की फूटदीड फूट ठेंगणे, इत्यादी.

काम कसे चाले ते ऐका. फूल उमलण्यापूर्वी, आतील पराग पिकण्याच्या आधी, चिमट्याने कळी उघडून तिचे पुंकेसर काढून टाकावयाचे. मग दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग आणून तिच्या स्त्रीकेसरावर लावावयाचा. कोठून किडा येऊन घोटाळा करू नये म्हणून त्यावर कागदाची किंवा कापडाची लहान पिशवी बांधावयाची. शेंग वाळली की दाणे सोलून, एकएक पाहून, मोजून वहीत लिहावयाचे. हे सर्व शाळेचे तास व मठाचे नेम सांभाळून. सुमारे आठ वर्षांत त्यांनी २८,००० च्या आसपास झाडे हाताखालून घातली असे म्हणतात.

गोल दाण्याच्या जातीस सुरकुतलेल्या दाण्याच्या जातीचा पराग दिला, तर पहिल्या पिढीत सगळेच दाणे गोल निघाले. सुरकुती गेली. उलट बाजूने, म्हणजे सुरकुतलेल्यास आई व गोलास बाप करून पाहिले. तरीही सगळे गोलच. आई कोण व बाप कोण याने काहीच फरक पडला नाही. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता हे गोल दाणे पेरले व झाडांस आपापल्या परागाने फळू दिले. २५३ झाडांपासून ७,३२४ दाणे मिळाले. त्यांत ५,४७४ गोल होते, आणि १,८५० सुरकुतलेले! गेलेली सुरकुती परत आली होती, आणि ती अर्धवट नव्हे, तर आजीच्या दाण्यावर होती तशी पुरी. प्रमाण जवळजवळ तीनास एक. रंगाचे पाहिले : ८,०२३ दाण्यांत ६,०२२ पिवळे व २,००१ हिरवे; पुन्हा तीनास एक. सातही गुणांचे तेच.

येथे दुसरा कोणी थांबला असता. मेंडेल थांबले नाहीत. बाहेरून गोल दिसणारे दाणे आतूनही एकाच प्रकारचे आहेत काय, हे पाहण्यासाठी त्यांनी ते पुन्हा पेरले. गोल दाण्यांची ५६५ झाडे झाली. त्यांपैकी १९३ झाडांनी केवळ गोल दाणे दिले. उरलेल्या ३७२ झाडांनी मात्र गोल व सुरकुतलेले असे दोन्ही दिले. म्हणजे दिसण्यात निर्दोष गोल असलेल्या दर तीन दाण्यांत साधारण दोन आपल्या पोटात सुरकुती लपवून बसले होते.

त्या काळच्या विद्वानांची समजूत अशी की, आईबापांचे गुण मुलात दूध व पाणी मिसळावे तसे मिसळतात. दुधात एकदा पाणी पडले की ते वेगळे काढता येत नाही. मेंडेल यांच्या मोजणीने ठरले की ही मिसळ तशी नव्हे. ती सुपात एकत्र झालेल्या नागली व वरईसारखी आहे. दाणे एकमेकांशेजारी पडलेले असतात, परंतु नागली नागलीच राहते व वरई वरईच. आजच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक गुणाचे दोन वाटे प्रत्येक जिवाजवळ असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेला. दोहोंत एक प्रभावी असला तर दुसरा दिसत नाही. परंतु दिसत नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. पुढील पिढीस देताना दोहोंपैकी एकच दिला जातो, आणि कोणता, हे कोणी ठरवीत नाही.

हे शेवटचे समजण्यास सर्वांत कठीण, आणि मुले परीक्षेत येथेच चुकतात. तीनास एक म्हणजे प्रत्येक शेंगेत तीन गोल व एक सुरकुतलेला असा हिशेब नव्हे. मेंडेल यांनी स्वतः लिहून ठेविले आहे की, एका झाडावर ४३ गोल व अवघे २ सुरकुतलेले दाणे निघाले, आणि दुसऱ्या एका झाडावर १४ गोल व १५ सुरकुतलेले. हजारो दाण्यांत जो नियम डोळ्यांस दिसतो तो एका झाडापाशी दिसेलच असे नाही. झाडास मागचा दाणा कोणता निघाला याची आठवण नसते. पुढे १९३६ साली इंग्लंडातील फिशर नावाच्या गणितज्ञाने असा आक्षेप घेतला की, मेंडेल यांचे काही आकडे अपेक्षित प्रमाणाच्या गरजेपेक्षा जास्तच जवळ आहेत. त्यावर विद्वानांचा पुष्कळ खल झाला आहे. नियम मात्र त्यानंतर असंख्य हातांनी पडताळून पाहिला, आणि तो खरा निघाला.

१८६५ च्या ८ फेब्रुवारीस व पुन्हा ८ मार्चला मेंडेल यांनी ब्रूनच्या निसर्गशास्त्र मंडळापुढे आपले काम वाचून दाखविले. पुढील वर्षी ते मंडळाच्या पुस्तकात छापले गेले व शंभराहून अधिक संस्थांच्या ग्रंथालयांत पोहोचले. त्यांनी ४० वेगळ्या प्रती काढून घेतल्या व काही विद्वानांस पाठविल्या. म्युनिकचे प्राध्यापक नेगेली यांनी उत्तरे दिली, परंतु त्यांस हे काम पटले नाही. ते स्वतः हॉकवीड नावाच्या रानफुलावर काम करीत होते, म्हणून मेंडेल यांनीही त्याच फुलावर प्रयोग आरंभिले. हे दुर्दैव होय. कारण ते फूल बहुधा परागावाचूनच बी धरते, आणि ही गोष्ट तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. त्या इवल्या फुलांच्या पाकळ्या उलगडता उलगडता मेंडेल यांचे डोळे अधू झाले, आणि वाटाण्याचा नियम काही तेथे दिसेना. नेगेली यांनी १८८४ साली आनुवंशावर एक जाडा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मेंडेल यांचे नावही नाही.

मठाधिपती नाप वारल्यावर १८६८ साली मेंडेल यांची त्या जागी निवड झाली. बाग सुटली, शाळा सुटली. मधमाशा त्यांनी पाळल्या, रोजचे हवामान टिपून ठेविले, १८७० च्या ऑक्टोबरात शहरावरून वावटळ गेली तिचे बारीक वर्णन लिहिले. परंतु १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसविला, आणि तो अन्यायाचा आहे असे ठरवून मेंडेल यांनी तो भरण्यास शेवटपर्यंत नकार दिला. सहकारी थकले, मित्र दुरावले, सरकारने मठाच्या उत्पन्नावर हात टाकिला. हे वाकले नाहीत. ज्या चिकाटीने वाटाणे मोजले गेले तीच येथे कागदोपत्री भांडणात खर्च झाली, याची हळहळ वाटते. १८८४ च्या ६ जानेवारीस मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे देहावसान झाले. गोरगरिबांनी मोठी गर्दी केली, कारण हाताचा सढळ म्हणून त्यांची ख्याती होती. वाटाण्याची आठवण कोणास नव्हती. त्यांचे बरेच कागद मठात जाळून टाकण्यात आले.

सोळा वर्षे गेली. १९०० साली हॉलंडात द व्हरीस, जर्मनीत कोरेन्स व ऑस्ट्रियात चेरमाक असे तिघे जण आपापल्या प्रयोगांनी त्याच प्रमाणास पोहोचले, आणि जुनी पुस्तके चाळता त्यांस दिसून आले की एका मठवासीयाने हे ३५ वर्षांपूर्वीच सांगून ठेविले आहे.

आता पेशीविभाजनाविषयी थोडेसे, कारण त्यावाचून गोष्ट अपुरी राहते. मेंडेल यांनी दोन वाटे आहेत असे मोजणीवरून जाणिले. ते वाटे शरीरात कोठे असतात हे त्यांनी पाहिले नव्हते. पाहण्याचे साधन आपल्या नाशिक जिल्ह्यात ढिगाने पिकते. कांदा पाण्याने भरलेल्या पेल्यावर ठेविला की चार दिवसांत त्यास पांढरी मुळे फुटतात. त्या मुळाचे टोक कापून, रंग देऊन, काचेवर चेपून सूक्ष्मदर्शकाखाली धरिले तर असंख्य बारीक कोठड्या दिसतात. त्या पेशी होत. कित्येक पेशींत काळसर दोऱ्यांचे तुकडे दिसतात, ती गुणसूत्रे. कांद्याच्या पेशीत ती १६ असतात, भाताच्या २४, नागलीच्या ३६ व मनुष्याच्या ४६. संख्येवरून थोरपणा ठरत नाही. बटाट्याची ४८ आहेत.

मूळ वाढते ते पेशी दुभागून. दुभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्र आपली जोडनक्कल तयार करिते, मग सर्व गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी ओळीने उभी राहतात, आणि प्रत्येकाची एकएक नक्कल दोन टोकांकडे ओढली जाते. सोळांची पुन्हा सोळा व सोळा. जर्मनीच्या फ्लेमिंग यांनी १८८२ साली, म्हणजे मेंडेल हयात असता, याचे सविस्तर वर्णन केले. परंतु पराग व बीजांड तयार होताना निराळाच प्रकार घडतो. तेथे गुणसूत्रे जोडीजोडीने जवळ येतात, आणि प्रत्येक जोडीतील एक इकडे व एक तिकडे जाते; सोळांची आठच उरतात. आईकडून आठ व बापाकडून आठ येऊन बियाण्यात पुन्हा सोळा होतात. १९०२ साली अमेरिकेतील सटन नावाच्या तरुणाने नाकतोड्याच्या पेशींत ही फारकत पाहून ओळखिले की मेंडेल यांचे दोन वाटे ते हेच. तो तरुणही शेतकऱ्याचाच मुलगा होता.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की वाटाणा, कांदा, नाकतोडा, यांचे आम्हांस काय? तर ऐका. नाशिक, धुळे, नंदुरबार, पालघर, गडचिरोली येथील आदिवासी पट्ट्यात, तसेच विदर्भातील इतर कित्येक समाजांत, सिकलसेल नावाचा रक्ताचा विकार आहे. तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या असावयाच्या त्या विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मुलाचे हातपाय सुजतात, हाडे व सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडते. १९४९ साली निश्चित झाले की हा विकार मेंडेल यांच्या नियमाने चालतो, सुरकुतलेल्या वाटाण्याप्रमाणेच. दोन्ही वाटे विळ्याचे असले तरच मूल आजारी पडते. एकच असला तर तो मनुष्य वाहक होय. तो सहसा धडधाकट असतो, शेतात राबतो, आणि आपल्याजवळ काय आहे हे त्यास ठाऊकही नसते. उलट वाहकास हिवतापाच्या घातक झटक्यापासून काहीसे संरक्षण मिळते, आणि म्हणूनच हिवतापाच्या रानावनांत हा वाटा पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

अशा घरी मूल दुखण्याने तळमळू लागले म्हणजे काय होते? बहुधा सुनेकडे बोट दाखविले जाते. तिच्या माहेरचे रक्त वाईट, तिचा पायगुण वाईट, कोणी करणी केली. दुसरे मूलही तसेच निघाले तर तिला माहेरी धाडून नवरा दुसरी करण्याच्या गोष्टी निघतात. आता मेंडेल यांची वही आठवावी. आजारी मुलाजवळ दोन वाटे आहेत, आणि ते दोन्ही एकट्या आईने दिलेले असूच शकत नाहीत. एक बापाचा आहे. तो बापास त्याच्या आईकडून किंवा बापाकडून आला; म्हणजे जी सासू सुनेस दोष देते तिच्याच रक्तातून तो आला असण्याचा संभव आहे.

दुसरी समजूत हिशेबाची. दोघेही वाहक असले तर चारांत एक मूल आजारी निघते, असे डॉक्टर सांगतात. त्यावरून पहिले आजारी झाले, आता पुढची तीन बिनघोर, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. ४३ व २ चे झाड आणि १४ व १५ चे झाड दोन्ही एकाच नियमाची होती. प्रत्येक खेपेस फासा नव्याने पडतो. प्रत्येक खेपेस चारांत एक. आणि त्या घरची जी भावंडे निरोगी दिसतात त्यांतही, गोल दाण्यांप्रमाणे, तीनांत साधारण दोन वाहक असतात. त्यांची सोयरीक जुळविण्यापूर्वी रक्त तपासून घेतले व दोन्ही बाजूंनी वाहक नाहीत एवढे पाहिले, तर त्यांच्या पोटी आजारी मूल येत नाही. ज्यांचे लग्न झालेच आहे त्यांनी गरोदरपणाच्या आरंभीच डॉक्टरांस भेटावे. आजारी मुलास भरपूर पाणी पाजावे, थंडीत भिजू देऊ नये, ताप आल्यास विलंब करू नये. दुखण्याचे झटके कमी करणारे औषधही आता निघाले आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने हा विकार हटविण्याची देशव्यापी मोहीम आरंभिली असून तीत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचे ठरले. बोटातून रक्ताचा एक थेंब घेतात व निकालाचे कार्ड देतात. आमचे पाहण्यात असे येते की तपासणीस बायका येतात आणि पुरुष ओट्यावर बसून राहतात.

समुपदेशक नवराबायकोस समोर बसवून कागदावर एक चौकट काढितो. केंब्रिजच्या पनेट नावाच्या पंडिताने ती प्रथम काढिली, आणि हायस्कुलातील मुले तीच वाटाण्यासाठी फळ्यावर काढितात. वरच्या बाजूस आईचे दोन वाटे लिहितात, डाव्या बाजूस बापाचे दोन. मग मधली चार घरे भरावयाची. ज्या घरी नववीत शिकणारी मुलगी आहे तेथे ती चौकट तिने आपल्या आजीस चुलीपुढील राखेत काढून दाखविली तरी चालेल. वरती दोन, बाजूस दोन.